प्रिंटरचा अबोला

घरांतील दोन माणसांनीं एकमेकांशीं अबोला धरला म्हणजे इतर मंडळींची जी त्रेधा उडते, तशीच कांहींशी अवस्था संगणक आणि प्रिंटर ह्यांचें बोलणें तुटलें म्हणजे होते. दोघेहि धडधाकट दिसतात. संगणकाच्या पडद्यावर अक्षरें स्वच्छ उमटलेलीं असतात. प्रिंटरचा दिवा शांतपणें तेवत असतो. त्याच्या पोटांत शाई असते आणि पुढ्यांत कोरे कागद असतात. तरीहि छापण्याची आज्ञा दिली कीं "प्रिंटर ऑफलाइन" एवढे दोन शब्द पडद्यावर येतात आणि कागद जागचा हलत नाहीं. गृहस्थ आज्ञा पुन्हां देतो, तिसऱ्यांदा देतो. मग तार काढून पुन्हां लावतो. यंत्राला एकदोन थापा मारतो. आणि शेवटीं, यंत्र बिघडलें, असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल पुष्कळदां चुकीचा असतो. अशा वेळीं यंत्र बिघडलेलें नसतें. दोन यंत्रांमधली वाट कोठें तरी तुटलेली असते. ती कोठें तुटली, हें क्रमानें विचारीत गेलें, तर घरच्या माणसालाच तें बहुधा सांपडतें.

निकाल चुकला म्हणजे नुकसान काय होतें, तें आधीं पाहावें. घरांत प्रिंटर येतो तो केवळ हौसेखातर क्वचितच. परीक्षेचें प्रवेशपत्र, आयकराची पोचपावती, सातबाराचा उतारा, गृहनिर्माण संस्थेच्या सभेची सूचना, नातवंडांच्या शाळेचा प्रकल्प, असलीं कामें त्याच्याकडे असतात. आणि तीं बहुधा आदल्या रात्रीं आठवतात. २०२० सालच्या टाळेबंदींत झेरॉक्सचीं दुकानें बंद झालीं आणि शाळा घरांत आली, तेव्हां कित्येक कुटुंबांनीं हें यंत्र प्रथमच विकत घेतलें. तें अबोल झालें कीं घरचे कागद पुन्हां नाक्यावरच्या दुकानाची वाट धरतात. आधार कार्ड, बँकेचें खातेपत्रक, रक्ततपासणीचा अहवाल, हें सारें दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवावें लागतें. आणि छपाई झाल्यावर तें तेथून पुसलें गेलें कीं नाहीं, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

ह्याहूनहि मोठा धोका आहे. गोंधळलेला गृहस्थ इंटरनेटवर कंपनीचा मदतक्रमांक शोधूं लागतो. तेथें खऱ्या क्रमांकांच्या शेजारीं भामट्यांनीं पेरलेले क्रमांकहि असतात. पलीकडचा मनुष्य गोड बोलतो, दुरून संगणकाचा ताबा देणारें एखादें ॲप उतरवून घ्यावयास सांगतो. आणि मग प्रिंटर राहतो बाजूला व बँकेचें खातें मात्र रिकामें होतें. मदतक्रमांक घ्यावयाचा तो यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेवरून, किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता हातानें लिहून तेथूनच. फसवणूक झालीच, तर १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर त्याच घटकेस तक्रार नोंदवावी. विलंब जितका कमी, तितकी पैसे अडविण्याची आशा अधिक. परंतु दोषाचें स्थान घरींच सांपडलें, तर हा सारा प्रसंगच टळतो.

संगणक आणि प्रिंटर ह्यांच्या नात्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अमेरिकेंतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. लेझर किरणांच्या साह्यानें छापणारें यंत्र गॅरी स्टार्कवेदर ह्यांनीं तेथें १९७१ सालीं सिद्ध केलें. असें एक यंत्र अनेक संगणकांना मिळून वापरतां यावें, ही गरज पुढें आली. आणि तिच्यांतूनच रॉबर्ट मेटकाफ ह्यांनीं १९७३ सालीं 'ईथरनेट' ही जोडणीची पद्धति मांडली. आज कचेऱ्याकचेऱ्यांतून संगणकांना एकमेकांशीं जोडणाऱ्या जाळ्याचें मूळ असें प्रिंटरपाशीं आहे. म्हणजे दोघांना बोलतें करण्याची खटपट हें जाळ्याच्या जन्माचेंच एक कारण होय.

दुसरी हकीकत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंतील. तेथील प्रयोगशाळेच्या जुन्या प्रिंटरमध्यें कागद अडकला, तर वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर तशी वर्दी जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं करून ठेविली होती. १९८० च्या सुमारास तेथें नवा लेझर प्रिंटर आला. पण त्याच्या कार्यक्रमाचें मूळ लेखन कोणी देईना, त्यामुळें ती सोय त्यांत घालतां येईना. यंत्र दूर कोठें तरी अडून बसे आणि माणसें इकडे वाट पाहत बसत. सर्वांना पाहतां व सुधारतां येतील असे संगणक-कार्यक्रम लिहिण्याची जी चळवळ स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं जाहीर केली, तिच्यामागें हा अनुभवहि होता. यंत्र थांबल्याचें दुःख थोडें; तें कां थांबलें हें कळत नाहीं, ह्याचें दुःख मोठें. घरगुती प्रिंटरच्या बाबतींत नेमकें हेंच होतें. म्हणून दुरुस्तीचा आरंभ हत्यारांनीं न करतां प्रश्नांनीं करावयाचा असतो.

मजकूर संगणकांतून कागदावर येईपर्यंत चार टप्पे ओलांडतो. प्रथम तो संगणकांतील छपाईच्या रांगेंत उभा राहतो. नंतर 'ड्रायव्हर' नांवाचा कार्यक्रम त्याचें प्रिंटरला समजेल अशा भाषेंत रूपांतर करतो. हा ड्रायव्हर म्हणजे जणूं दुभाषीच. मग तो मजकूर तारेनें किंवा राउटरच्या मार्फत वाय-फायनें प्रवासास निघतो. शेवटीं प्रिंटर तो वाचून कागदावर उतरवितो. चार टप्प्यांपैकीं तीन यंत्राच्या बाहेर आहेत. आणि लोक मात्र शोध घेतात तो चौथ्याचा.

म्हणून पहिला प्रश्न प्रिंटरलाच विचारावा, पण संगणकाला मध्यें न घेतां. ज्या यंत्रावर प्रत काढण्याची कांच असते, तिच्यावर एखादा छापील कागद ठेवून त्याची प्रत काढावी. स्वच्छ प्रत निघाली, तर शाई, कागद ओढणारे रूळ आणि छापण्याचा भाग हे सर्व निर्दोष आहेत, हें एका मिनिटांत सिद्ध होतें. त्यापुढें यंत्राकडून त्याच्या जोडणीचा अहवाल छापून घ्यावा. पुष्कळ प्रिंटरांत तशी सोय असते. कोठें पडद्यावरील यादींतून, तर कोठें एखादें बटण कांहीं सेकंद दाबून धरून तो मिळतो. नेमकी रीत पुस्तिकेंत दिलेली असते. ह्या एका पानावर प्रिंटर स्वतःच्या तोंडानें सांगतो कीं, आपण कोणत्या वाय-फायवर आहों आणि आपला पत्ता काय आहे. न्यायालयांत साक्षीदाराचें जें महत्त्व, तेंच येथें ह्या पानाचें. प्रतच निघाली नाहीं, तर गोष्ट वेगळी. मग दोष यंत्रांत आहे आणि तें कारागिराकडे नेणेंच योग्य.

साक्ष हातीं आली कीं पहिली तुलना वाय-फायच्या नांवाची करावी. अहवालावरील नांव आणि संगणक ज्यावर आहे तें नांव एकच आहे काय? घरांत नवा राउटर बसविलेला असतो, अथवा परवलीचा शब्द बदललेला असतो. संगणकाला आणि मोबाइलला तो सांगितला जातो, आणि प्रिंटरला सांगावयाचें राहून जातें. कांहीं घरांत पाहुण्यांसाठीं वेगळें वाय-फाय ठेवलेलें असतें; त्यावर आलेल्या यंत्राला घरच्या इतर यंत्रांशीं बोलूं न देण्याची व्यवस्था राउटरमध्यें बहुधा मुद्दाम केलेली असते. संगणक चुकून त्यावर गेला, तर इंटरनेट उत्तम चालतें आणि प्रिंटर तेवढा दिसत नाहीं.

तिसरें कारण लहरींचें आहे. हल्लींचे बरेचसे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पण भिंतींपुढें त्याचा जोर कमी पडतो, २.४ चा वेग बेताचा, पण त्याचा पल्ला लांब. घरगुती प्रिंटरांपैकीं पुष्कळांना केवळ २.४ चीच पट्टी कळते. राउटरची ती पट्टी बंद असेल, तर प्रिंटरनें कितीहि शोध केला तरी त्याला घरचें वाय-फाय सांपडणार नाहीं. शिवाय राउटर दाराशीं आणि प्रिंटर मागच्या खोलींतील लोखंडी कपाटाआड, अशी मांडणी असेल, तर प्रिंटर एक दिवस राउटरशेजारीं आणून पाहावा. तेथें तो बोलूं लागला, तर दोष जागेचा होय.

नांव एकच निघालें, तर पुढचा प्रश्न पत्त्याचा. राउटर आपल्या घरांतील प्रत्येक यंत्राला एकेक आंकडी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ह्या आंकड्यांनीं सुरू होतो. अहवालावरील पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाहीं आणि यंत्रानें स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला, असें समजावें. पत्ता ठीक दिसला, तर तो संगणकाच्या ब्राउझरमध्यें, जेथें संकेतस्थळाचें नांव लिहितात तेथें, जसाच्या तसा लिहावा. पुष्कळ प्रिंटर आपलें एक लहानसें पान त्या जागीं दाखवितात. तें पान उघडलें कीं शोधाचें क्षेत्र एकदम अर्ध्यावर येतें: वाट मोकळी आहे, दोष संगणकाच्या नोंदींत आहे. पान उघडलें नाहीं, तर वाटेंतच अडथळा असण्याचा संभव अधिक. कचेरीचें काम घरून करणाऱ्यांनीं येथें आणखी एक गोष्ट पाहावी. कचेरीशीं गुप्त वाटेनें जोडणारा व्हीपीएन चालू असतांना, कित्येकदां संगणकाला घरांतील इतर यंत्रें दिसेनाशीं होतात. तो क्षणभर बंद केला कीं उलगडा होतो.

वाट मोकळी असूनहि संगणक प्रिंटरला "ऑफलाइन" कां म्हणतो, ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. राउटरनें दिलेला पत्ता हा कायमचा नसतो. तो भाड्याच्या खोलीसारखा मुदतीचा असतो. पावसाळ्यांत वीज जाते. ती परत आली कीं राउटर, प्रिंटर, मोबाइल हीं सारीं एकाच वेळीं जागीं होऊन पत्ते मागूं लागतात. प्रिंटरला पूर्वींचाच पत्ता मिळेल असें नाहीं. इकडे संगणकानें मात्र जुना पत्ता वहींत टिपून ठेवलेला असतो, आणि बिऱ्हाड बदललेल्या गृहस्थाच्या जुन्या दारावर टपालवाल्यानें थाप मारावी, तसा तो त्या पत्त्यावर मजकूर धाडीत राहतो. उत्तर येत नाहीं, म्हणून तो प्रिंटर घरीं नाहीं असें जाहीर करतो. ह्यावर तात्कालिक उपाय असा, कीं संगणकाच्या यादींतून तो प्रिंटर काढून टाकावा आणि पुन्हां नव्यानें जोडावा. कायमचा उपाय असा, कीं राउटरच्या व्यवस्थेंत जाऊन प्रिंटरसाठीं एक पत्ता राखून ठेवावा. पुष्कळ राउटरांत ही सोय असते. ती एकदां केली, म्हणजे वीज दहादां गेली तरी प्रिंटरचें बिऱ्हाड हलत नाहीं.

पत्त्यानंतर रांग. छपाईच्या खिडकीपुढें पहिलाच मजकूर अडून बसला, तर मागच्या सर्वांना तिष्ठत राहावें लागतें. गृहस्थ आज्ञा पुन्हां पुन्हां देतो तेव्हां तो ही रांगच वाढवीत असतो. आणि वाट सुरू झाल्यावर एकाच प्रवेशपत्राच्या आठ प्रती निघतात, ह्याचें इंगित हेंच. म्हणून प्रथम रांग उघडून तिच्यांतील सर्व कामें रद्द करावीं. तेथेंच 'पॉज' किंवा 'यूझ प्रिंटर ऑफलाइन' ह्यांवर खूण झालेली नाहीं ना, हेंहि पाहावें. कामें रद्द होत नसतील, तर रांग सांभाळणारी 'प्रिंट स्पूलर' ही सेवा, किंवा सरळ सगळा संगणकच, पुन्हां सुरू करावा. विंडोजच्या २०१२ सालीं आलेल्या आठव्या आवृत्तीपासून, संगणक लवकर उघडावा म्हणून त्याची कांहीं स्थिति बंद करतेवेळीं जपून ठेवण्याची योजना आहे. त्यामुळें 'शट डाउन' करून पुन्हां उघडल्यानें जुना गुंता कधीं कधीं तसाच राहतो. 'रीस्टार्ट' मात्र त्याला खरोखर नव्यानें उठवितो. दोन्ही एकच, असें मानून पुष्कळजण फसतात.

आज्ञा भलत्याच दारीं जात नाहीं ना, हेंहि तपासावें. विंडोजच्या दहाव्या आवृत्तींत, जो प्रिंटर शेवटीं वापरला तोच मुख्य समजावा, अशी एक सोय आली. कचेरींत आणि घरीं एकच संगणक नेणाऱ्याची घरची आज्ञा अशा वेळीं कचेरींतील प्रिंटरच्या नांवें जाते. किंवा 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' ह्या नामधारी प्रिंटरकडे जाऊन कागदाऐवजीं फाइल तयार होते. छापण्यापूर्वीं नांव वाचण्याची संवय ह्यावर पुरेशी आहे.

इतक्यानेंहि उलगडा झाला नाहीं, तर दुसरा साक्षीदार बोलवावा. तो म्हणजे मोबाइल. ॲपलनें २०१० सालीं 'एअरप्रिंट' ही पद्धति आणली, आणि २०१३ सालीं कॅनन, एचपी, सॅमसंग व झेरॉक्स ह्या कंपन्यांनीं 'मोप्रिया' नांवाची संस्था स्थापिली. दोहोंचा हेतु एकच: प्रत्येक प्रिंटरसाठीं निराळा दुभाषी लागूं नये. त्यामुळें नव्या प्रिंटरांवर त्याच वाय-फायवरील मोबाइलमधून सरळ छापतां येतें. मोबाइलवरून छापलें गेलें, तर प्रिंटर आणि वाय-फाय दोघेहि निर्दोष ठरतात. संगणकांतील दुभाषी जुना झाला, हें उघड होतें. तो काढून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. शिवाय त्या रात्रीची निकड असेल, तर ती मोबाइलवरूनच भागते. सकाळीं सावकाश दुरुस्ती करतां येते.

तारेनें जोडलेल्या प्रिंटरची परीक्षा सोपी आहे. त्याच्या यूएसबी तारेचें एक टोंक चपटें आणि प्रिंटरकडचें बहुधा चौकोनी असतें. मध्यें जोडफळी असेल तर ती काढून तार संगणकाला थेट लावावी. नंतर दुसऱ्या छिद्रांत लावून पाहावी. शेवटीं तारच बदलावी. साध्या यूएसबी तारेची लांबी पांच मीटरांपलीकडे नेऊं नये, अशी मर्यादा आहे.

ह्या सर्व तपासांत एक नियम कसोशीनें पाळावा: एका वेळीं एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. पांच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालूं लागलें, तर दोष कोणता होता हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस सारा गोंधळ पुन्हां पहिल्यापासून करावा लागतो. सर्व यंत्रें बंद करून नव्यानें सुरू करावयाचीं असतील, तर आधीं राउटर लावावा, तो स्थिरावण्यास दोनतीन मिनिटें द्यावीं, नंतर प्रिंटर आणि सर्वांत शेवटीं संगणक. आणि एवढें करूनहि यंत्र निकालांतच काढावयाचें झालें, तर तें कचऱ्याच्या गाडींत टाकूं नये. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर आणि त्यांचीं कार्ट्रिजें येतात. तीं नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे जाणें इष्ट. परंतु ज्याचा पत्ता तेवढा बदलला होता, असा चांगला प्रिंटर भंगारांत जाणें, ही मात्र निव्वळ नासाडी होय.

आज कित्येक घरांत यंत्रांचें ज्ञान एकाच माणसापाशीं असतें. आणि तो मुलगा किंवा ती मुलगी शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परगांवीं, कधीं परदेशीं गेलेली असते. मागें राहिलेले आईवडील रात्रीं-अपरात्रीं दूरध्वनि करावा कीं नाहीं, ह्या संकोचांत बसतात. आणि हळूहळू यंत्राला हात लावणेंच सोडून देतात. अशा घरीं जाणत्या मुलानें पुढच्या भेटींत प्रिंटर दुरुस्त करून देण्यावर थांबूं नये. वाय-फायचें नांव, प्रिंटरसाठीं राखलेला पत्ता, यंत्राचा नमुना-क्रमांक, कंपनीचा खरा मदतक्रमांक आणि तपासाचा क्रम, हें सारें एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद प्रिंटरच्या झांकणावर चिकटवावा. आणि एकदां आईवडिलांच्याच हातून तो क्रम पार पाडून घ्यावा. आपल्या घरचें काम आपल्या हातानें करतां येतें, हा विश्वास उतारवयांत एकदां गेला कीं परत मिळविणें कठीण असतें. तो राखण्यास येथें अर्धा तास पुरेसा आहे.